वर्ग संध्याकाळी सातला भरतो: तपासणी समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
तपासणी व मान्यता समिती यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात आपले दोन सदस्य आमचा इंग्रजीचा वर्ग तपासायला केळापूर तालुक्यात आले होते. सकाळी अकराला गाडी आली, पावणेएकला परत गेली. पाच आठवड्यांनी अहवाल हाती पडला: मान्यता प्रलंबित, त्रुटी ९. त्यांतल्या चार मला पूर्ण मान्य आहेत आणि त्याबद्दल मी समितीची आभारी आहे. उरलेल्या पाचांबद्दल हे पत्र आहे. त्याहून जास्त, अहवालात जे कुठेच आलं नाही त्याबद्दल आहे.

समितीचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. वणी, घाटंजी, राळेगाव भागात माझ्यासारखे लहान वर्ग चालवणाऱ्यांशी बोलले, तेव्हा वेगवेगळ्या समित्यांबद्दल हाच अनुभव ऐकायला मिळाला. प्रश्न पद्धतीचा आहे, म्हणून पत्रही सगळ्यांनी वाचावं असं वाटलं.

आधी वर्गाबद्दल सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो फक्त कागदावर पाहिला आहे. पांढरकवड्याजवळ, नागपूर–हैदराबाद महामार्गापासून थोडं आत, जुन्या जिनिंगच्या गाळ्यावर माडीची एक खोली आहे. अठरा फूट बाय चौदा. अकरा वर्षं मी इथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. पाच वर्षांपासून एक सहकारी सोबत आहेत. एका तुकडीत २२ जण, वय एकोणीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. फी महिन्याला ६०० रुपये, पण बरेचजण ती वर्षातून दोन-तीनदा देतात: सोयाबीन विकलं की, कापूस विकला की. आपल्या सदस्यांना पावत्यांच्या तारखा विस्कळीत वाटल्या त्या त्यामुळे. वर्ग सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते सव्वाआठ. त्याआधी माणसं वावरात असतात, नाहीतर दुकानात, आणि साडेआठला शेवटची काळीपिवळी निघते.

ही वेळ मी फोनवर दोनदा सांगितली होती. तपासणी कार्यालयीन वेळेतच होते, असं उत्तर मिळालं. त्यामुळे अकरा वाजता खोलीत मी होते, सहकारी होते आणि बावीस रिकाम्या खुर्च्या होत्या. दोन्ही सदस्य सौजन्याने वागले. टेपने खोली मोजली, खिडक्या मोजल्या, कपाटातल्या फायली काढून पानं चाळली, फळ्याचा फोटो घेतला, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची चौकशी केली. हे सगळं पाहायलाच हवं. पण एकाही विद्यार्थ्याशी बोलणं झालं नाही आणि एक मिनिटही शिकवणं पाहिलं गेलं नाही.

संध्याकाळी मंडळी नेहमीपेक्षा आधी आली. धुतलेले कपडे घालून, केस विंचरून. आपल्याला काहीतरी विचारतील, आपण उत्तर देऊ, अशा तयारीने. वर्गातल्या एक आशाताई (गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका), वय बेचाळीस, आपली ओळख आणि आपलं काम इंग्रजीत सांगायची पाच दिवस तालीम करत होत्या. दारातच त्यांनी विचारलं, "मॅडम, गेले का सायेब लोक? आमाले काईच इचारलं नाई त्याईनं?" पुढच्या वेळी विचारतील, असं मी म्हणाले. ते माझ्याच्याने नीट म्हणवलं नाही. हे पत्र लिहायला मी बसले ते त्या संध्याकाळमुळे.

मान्यता आम्ही आपणहून मागितली होती, हेही नोंदवते. प्रौढांच्या इंग्रजी वर्गाला आपल्याकडे अशी मान्यता सक्तीची नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती शाळा-कॉलेज आणि स्पर्धा परीक्षांच्या, पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासेससाठी आहेत. त्यांतला दर विद्यार्थ्यामागे एक चौरस मीटर जागेचा नियम मात्र मी स्वतःहून लावून पाहिला. आमची खोली २३ चौरस मीटरच्या थोडी वर भरते, बावीसजणांना पुरते. टायपिंगचं वेगळं आहे. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटला शासनमान्यता असते, परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, मिनिटाला ३० शब्द की ४० हे मोजता येतं, आणि त्या प्रमाणपत्राचा अर्थ गडचिरोलीत आणि मुंबईत एकच असतो. इंग्रजी बोलायला येतं की नाही, याबद्दल असा सगळ्यांना समजणारा कागद आमच्या माणसांकडे नाही. त्या रिकाम्या जागेत काय काय शिरलं आहे ते आम्ही रोज पाहतो.

बसस्टँडच्या भिंतीवर "तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी" असं रंगवलेलं आपल्या सदस्यांनी येता-जाता पाहिलं असेल. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण आला. जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका क्लासला त्याने बारा हजार भरले होते. आईने दोन बकऱ्या विकल्या होत्या. त्याच्याजवळ सोनेरी शिक्क्याचं, लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र होतं, आणि त्याच्यावर कुठल्याशा मान्यतेचा क्रमांकही छापलेला होता. "मले वाचता येते मॅडम, पन बोलाले भेव वाटते," तो म्हणाला. बोलायची वेळच त्या तीस दिवसांत त्याच्यावर आली नव्हती. साठजणांच्या हॉलमध्ये तो वाक्यं उतरवून घेत होता.

याचा हिशोब अवघड नाही. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ढोबळ आकडे दिलेले आहेत. अगदी सुरुवातीपासून ए-टू या पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या व्यवहारातलं साधं बोलणं जमेपर्यंत, शिक्षकासोबतचे साधारण १८० ते २०० तास लागतात. बी-वनला, म्हणजे अनोळखी प्रसंगात स्वतःला सांभाळून घेता येईपर्यंत, ३५० ते ४००. रोज एक तास धरला तर तीस दिवसांचे तीस तास होतात. आमच्याकडे आठवड्याला सव्वासहा तास भरतात. एकही दिवस न बुडवता ए-टूला पोचायला तीस-बत्तीस आठवडे लागतील, आणि न बुडवणारा माणूस आमच्या गावात नाही. आमच्या पत्रकावर हेच लिहिलेलं आहे: किमान एक वर्ष. त्यामुळे कित्येकजण पत्रक वाचून परत जातात. आपल्या समितीने ते पत्रक मागितलं नाही. दर आठवड्याला एक तरी माणूस ज्यामुळे फसतो, ती जाहिरात. ती आपल्या ४२ कलमी तपासणी-पत्रकात कुठेच नाही.

ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांसाठी ब्रिटिश कौन्सिल आणि इंग्लिश यूके ही संघटना मिळून मान्यता योजना चालवतात. तिचे निकष कोणालाही वाचायला मिळतात. मी ते गेल्या उन्हाळ्यात वाचून काढले, सहकाऱ्यांना मराठीत समजावून सांगितले. तिथे जाहिरातीत लिहिलेलं खरं आहे का, हा तपासणीचा स्वतंत्र भाग आहे. तपासनीस शिक्षकांचे तास वर्गात बसून पाहतात. विद्यार्थ्यांना वेगळं भेटतात. आणि तपासणीच्या अहवालाचा सारांश लोकांसाठी प्रसिद्ध होतो. १९९१ पासून काम करणारी युरोपातली ईक्वॉल्स ही संस्थासुद्धा वर्ग पाहिल्याशिवाय मान्यता देत नाही.

ते निकष जसेच्या तसे इथे आणावेत, असं माझं म्हणणं नाही. तिथला विद्यार्थी विमानाने येतो. त्याच्या राहण्याजेवणाची, व्हिसाची काळजी घ्यावी लागते. इथला विद्यार्थी बैल गोठ्यात बांधून, हातपाय धुऊन येतो. पण शिकवणाऱ्या जागेची तपासणी करायची तर शिकवणं पाहायचं आणि शिकणाऱ्याला विचारायचं, हे लंडनला जितकं लागू आहे तितकंच पांढरकवड्याला आहे.

पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, ते एका उदाहरणाने सांगते. शेवटच्या रांगेत टिपेश्वर अभयारण्यातला एक गाईड बसतो. घरी कोलामी, गावात मराठी, पर्यटकांशी हिंदी, आणि हैदराबादकडचे लोक खूप येतात म्हणून कामापुरती तेलुगू. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्याजवळ इंग्रजीतली प्राण्यांची नावं तेवढी होती. पर्यटकांनी पुढचं काही विचारलं की तो ड्रायव्हरकडे बघायचा.

त्याला एक गोष्ट सांगायची होती. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत काही महिन्यांत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आमच्या भागातल्या लहान पोरांनाही ही गोष्ट माहीत आहे. याला ती जीपमध्ये बसलेल्या माणसांना इंग्रजीत सांगायची होती. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळी गोष्ट "टायगर गो, गो, गो" अशी होती. पुढे "वेंट" आलं, मग "क्रॉस्ड" आणि "वॉक्ड". मग मधे "बट" आणि "बिकॉज" आले, आणि गोष्टीला सांधे मिळाले. गेल्या पावसाळ्यानंतर बेंगळुरूच्या एका बाईंनी त्याला विचारलं की वाघाने आपलं जंगल का सोडलं. याने उत्तर दिलं: "ही वॉज यंग. ही वॉन्टेड हिज ओन प्लेस." दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बावीसजणांनी टाळ्या वाजवल्या.

युरोप परिषदेची भाषा-पातळ्यांची चौकट २००१ साली आली. वर सांगितलेल्या ए-टू, बी-वन या पातळ्या तिच्यातल्याच. तिची मला आवडणारी गोष्ट ही, की माणसाला काय करता येतं ते ती विचारते. ए-टूचा माणूस गोष्ट सुट्या सुट्या मुद्द्यांनी सांगू शकतो. बी-वनचा माणूस ती बऱ्यापैकी सलग, क्रमाने सांगू शकतो. आमचा गाईड या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. नेमका कुठे, ते तीन मिनिटं त्याची गोष्ट ऐकणाऱ्या जाणकाराला कळेल. फायलीतून ते कसं कळणार? आमच्याकडे प्रत्येकाचं बोलणं दर चार महिन्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून तारखेनिशी ठेवलेलं आहे. या गाईडच्या गोष्टीची सहा रेकॉर्डिंग आहेत. मी ती ऐकवायला काढली होती. तपासणी-पत्रकात त्याचा रकाना नाही, असं सांगण्यात आलं.

आता "अध्यापनात मातृभाषेचा अतिरेकी वापर" या त्रुटीबद्दल. पुरावा म्हणून फळ्याचा फोटो जोडलेला आहे. फळ्यावर टायगर, वाघ, पुली (तेलुगूत वाघ) असं एका ओळीत लिहिलं होतं आणि त्याखाली काही कोलामी शब्द होते. तो आदल्या संध्याकाळचा पाठ होता. एकाने इंग्रजी बोलणारा पर्यटक व्हायचं, दुसऱ्याने फक्त मराठी कळणारा ड्रायव्हर, आणि तिसऱ्याने मधे राहून दोघांचं बोलणं एकमेकांना पोचवायचं. रुग्णालयात, बँकेत, अभयारण्याच्या सुन्ना गेटवर आमच्या माणसाला इंग्रजी वापरावं लागतं ते याच रीतीने. तो एकटा इंग्रजी बोलत नसतो, दोन माणसांच्या मधे उभा असतो. युरोप परिषदेने २०१८ मध्ये आपल्या चौकटीत जी भर घातली, तीत या मधे उभं राहण्याला, एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नेण्याला, स्वतंत्र पातळ्या दिल्या आहेत. आमच्याकडे फोटोत जी त्रुटी दिसली ती त्या संध्याकाळी शिकवण्याची मुख्य गोष्ट होती. पाठाचा हेतू काय होता, एवढं एकदा विचारलं असतं तरी पुरे होतं.

यात माझाही धडा आहे. पहिल्या वर्षी मी वर्गात मराठी बंद केली होती. मराठी शब्द बोलला की एक रुपया दंड. महिन्याभरात तीन बाया यायच्या बंद झाल्या. त्यांतल्या एकीच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "घरी कोनी बोलू देत नाई, तिथं तुमी बोलू देत नाई. मंग कायले येऊ?" दंडाचा डबा मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला. आज आमच्या वर्गात मराठी पायरीसारखी वापरली जाते, आणि ती कधी वापरायची, कधी नाही, याबद्दल आम्ही दोघं शिक्षक दर शनिवारी बोलतो. त्या नोंदींची वही आहे. मराठीचा वापर जास्त होत असेल तर तो कुणीतरी पाऊण तास बसून, ऐकून मला सांगावा. मी तो कमी करेन.

हजेरीचं तसंच. दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर हजेरी ७५ टक्क्यांखाली, अशी नोंद आहे. खरं आहे, काही आठवडे ती निम्म्यावर येते. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगायला येतं, दिवाळीनंतर कापूस फुटतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी सहाला निघालेली बाई अंधार पडता पडता घरी येते, स्वयंपाक करते, आणि तिचे दोन्ही हात पऱ्हाटीच्या बोंडांनी ओरखडलेले असतात. त्या दिवसांत ती वर्गाला आली नाही तर तिने वर्ग सोडला असं होत नाही. ७५ टक्क्यांची अट कॉलेजातून आली आहे. तिथे विद्यार्थ्याचं शिकणं हेच काम असतं. आमच्याकडे पाहायचं असेल तर फेब्रुवारीचं हजेरीपत्रक पाहावं. ऑक्टोबरात गळालेले किती परत आले? गेल्या वर्षी चौदा गळाले होते, अकरा परत आले. आणि परत आलेल्यांसाठी वर्ग काय करतो, हेही विचारावं. आम्ही त्या तीन महिन्यांत नवं व्याकरण घेत नाही. आठवड्याचा प्रत्येक पाठ स्वतंत्र ठेवतो, म्हणजे मधला आठवडा बुडला तरी पुढचा कळतो. ही रचना बसवायला आम्हाला चार वर्षं लागली. ती योग्य आहे का, हे सांगणारं कुणी जाणकार माणूस आम्हाला हवं आहे. अहवालात फक्त टक्केवारी आली.

"मान्य पाठ्यपुस्तकाचा वापर नाही" ही त्रुटी वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आमच्याकडे पाठ्यपुस्तक आहे, पण अर्धे पाठ आम्ही गावातल्या कागदांवरून घेतो. बँकेचा फॉर्म, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, पोरांच्या कॉन्व्हेंटमधून आलेली सूचना. आणि फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. ते महिने या भागातला कुणीच विसरलेला नाही. त्यानंतरच्या हंगामापासून हा पाठ दर जूनमध्ये होतो. बाटली वर्गात आणायची नाही, रिकामीसुद्धा नाही, हा पहिला नियम. फक्त कागद आणायचा.

डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सगळ्यांत जहाल, हिरवा सगळ्यांत सौम्य. त्यासोबत इंग्रजी शब्द असतो. लाल आणि पिवळ्यावर "पॉयझन", निळ्यावर "डेंजर", हिरव्यावर "कॉशन". मी रंग झाकून फक्त हे तीन शब्द फळ्यावर लिहिते आणि विचारते, सगळ्यांत वाईट कुठलं. दरवर्षी बहुतेक हात "डेंजर"वर उठतात, कारण विजेच्या खांबावर, डीपीवर कवटीसोबत तोच शब्द असतो. रंग उघडले की खोली शांत होते. माहितीपत्रक मराठीतही असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि भर उन्हात, दुकानातून वावराकडे जाताना माणूस ते उलगडून वाचत नाही. डब्यावरचा मोठा शब्द वाचतो. मग आम्ही क्रियापदं घेतो: वेअर, वॉश, डू नॉट मिक्स, डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड. आज्ञार्थ शिकवायला याहून चांगला पाठ मला अजून सापडलेला नाही. हा पाठ कुठल्याही मान्य पुस्तकात नाही, म्हणून तो आमच्या त्रुटींत धरला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लँग्वेज लॅब आणि ग्रंथालय या दोन त्रुटींवर फार लिहीत नाही. वीस हेडफोन आणि संगणक घ्यायचे तर फी तिप्पट करावी लागेल, आणि संध्याकाळी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. ऐकण्याचा सराव आम्ही विद्यार्थ्यांच्याच मोबाइलवर घेतो. पाचशे पुस्तकांची अट आहे, आमच्याकडे १३० आहेत. त्यांतली कितीजण घरी नेतात याची वही कपाटातच होती.

आता ज्या चार त्रुटी आपण बरोबर दाखवल्या त्या. खोलीत अग्निशामक नव्हता. खाली जिनिंगचा गाळा, कापसाचा कचरा उडत असतो, आणि अकरा वर्षांत मला ते सुचलं नाही. आता दाराशी एक सिलिंडर आहे आणि तो कसा चालवायचा ते बावीसहीजणांना येतं. जिना अंधारा होता. फी परत करण्याचा नियम लेखी नव्हता. आता तो पत्रकावर छापला आहे. चौथी, तक्रार करायची सोय. याबद्दल मी इतके दिवस समजत होते की माझ्याशी कुणीही मोकळेपणी बोलू शकतं. आपल्या सदस्यांनी विचारलं, तक्रार आपल्याबद्दलच असेल तर? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो प्रश्न चांगला होता, आणि असेच प्रश्न मला तपासणीकडून हवे आहेत. गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला आम्ही यासाठी विनंती केली आहे. त्यांचा होकार आला की फोन नंबर भिंतीवर लावू.

म्हणून माझी मागणी तपासणी सौम्य करा अशी मुळीच नाही. ती कडक करा. वर्ग भरतो त्या वेळी या. न सांगता आलात तरी चालेल. दोघांपैकी एकजण तरी स्वतः मोठ्या माणसांना भाषा शिकवलेला असावा. आम्हा दोघांचा पूर्ण तास पाहा, आणि काय चुकलं ते आम्हाला त्याच रात्री समोर बसवून सांगा. मी अकरा वर्षांत कुणाकडूनही माझ्या शिकवण्याबद्दल एक वाक्य ऐकलेलं नाही. सेल्टासारख्या १२० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणातसुद्धा शिकाऊ शिक्षकाचे सहा तास कुणीतरी मागे बसून पाहतं. आमच्यासारख्यांना ते कधी मिळणार? विद्यार्थ्यांना आमच्या पाठीमागे भेटा. फसवणारी जाहिरात करणाऱ्याला मान्यता देऊ नका, त्याची खोली वातानुकूलित असली तरी. आणि अहवालाचा सारांश मराठीत, विद्यार्थ्यांना वाचता येईल असा, दाराशी लावायची सक्ती करा. आमचाही लावा, त्रुटींसकट. नऊ त्रुटींचा अहवाल मी डिसेंबरातच वर्गात वाचून दाखवला. हजेरीच्या मुद्द्यावर एक आजोबा म्हणाले, "कापूस घरी आला का मी रोज येतो, लिवून घ्या म्हना." ते खरोखर रोज येताहेत.

फेरतपासणीचा अर्ज या पत्रासोबत रीतसर वेगळा पाठवला आहे. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सोयीचा पडेल. तोवर कापूस बहुतेकांचा संपलेला असतो. मंगळवारी बोलण्याचा तास असतो, गुरुवारी वाचनाचा. तास पाहून झाला की मी किल्ली आपल्याकडे देऊन खाली चहाच्या टपरीवर थांबेन, म्हणजे मंडळी मोकळेपणी बोलतील. आशाताईंना आधी विचारावं, ही विनंती. त्यांच्या वाक्यांची आता जवळजवळ दोन पानं झाली आहेत. गाडी जिनिंगच्या फाटकातून आत घेता येते, वळवायला जागा आहे. जिना अरुंद आहे, पण त्याच्यावर आता दिवा लावलेला आहे.

आपली विश्वासू,
एक इंग्रजी शिक्षिका
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ